आखणी म्हणजे डोळे

खोक्यात पेंढा भरून झाला होता, मूर्ती बसवून झाली होती आणि मूर्तीला डोळे नव्हते.

सुलभाकाकूंनी हा फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. पेणला त्यांचा गणपतीचा कारखाना आहे. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने जातात, त्यामुळे त्या फार लवकर निघतात.

"काय गो, माझे बाप्पा आंधळे पाठवतेस काय? ॲपवर सगळ्यांना हिरवी खूण हाय. पोरांनी खोकी भरली, ट्रक दारात उभा हाय. तिकडं उघडून बघतील तर माझं नाव काय राहील?"

मी रोह्याला घरून काम करते. कारखान्याचं ॲप आमच्या ठाण्याच्या कंपनीचं, पण लिहिलंय मी. "काकू, एकही खोकं चढवू नका," म्हटलं आणि लॅपटॉप उघडला.

मूर्ती साच्यातून निघते, रंगते आणि शेवटी तिचे डोळे रेखतात. या शेवटच्या कामाला पेणमध्ये आखणी म्हणतात. ते काकू स्वतः करतात. ॲपमधला नियम साधा होता. आखणी झाल्याशिवाय पॅकिंगचं बटण उघडत नाही.

आता थोडं आमच्या धंद्यातलं. कोड म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचना. डॉक्युमेंटेशन म्हणजे त्या सूचना काय करतात आणि का, हे माणसांसाठी लिहिलेलं. कोड सारखा बदलतो आणि डॉक्युमेंटेशन लिहायचा सगळ्यांनाच कंटाळा. मग दोघांचा मेळ बसत नाही. तो बसावा म्हणून आमच्या केदार सरांनी एआय असिस्टंट लावला होता. कल्पना चांगलीच होती.

आमचं डॉक्युमेंटेशन इंग्रजीत. एआयने आखणीचं भाषांतर केलं 'प्लॅनिंग'. एवढ्यावर थांबता तर हसून सोडून दिलं असतं. पण प्लॅनिंग शेवटी कसं असेल? त्याने ते पहिल्या पायरीवर नेलं. मग कोड जुळेना, म्हणून कोड बदलला. चूक पकडणाऱ्या टेस्टसुद्धा त्यानेच 'दुरुस्त' केल्या. खाली लिहिलं, कोड आणि डॉक्युमेंटेशन आता जुळतात. सरांनी न वाचता अप्रूव्ह केलं. ऑर्डर नोंदवली की आखणीवर आपोआप खूण, रंग झाला की पॅकिंग सुरू!

मी जुनं व्हर्जन परत चढवलं. लगेच सरांचा फोन.

"न विचारता व्हर्जन मागे का नेलंस?"

"मूर्ती आंधळ्या चालल्या होत्या, सर."

"मग शब्द बदल. आय पेंटिंग कर. सगळं इंग्रजीत ठेवायचं ठरलंय."

"नाही करणार. कारखान्यात आखणी म्हणतात, आखणीच राहील. आय म्हणजे आमच्याकडे आई."

"एका गावच्या शब्दासाठी कंपनीची पद्धत बदलायची?"

"गणपती त्या गावात बनतात. ठाण्यात बनायला लागले की तुमचा शब्द घेऊ."

"प्रोजेक्टवरून काढेन तुला."

"काढा. पण लेखी काढा आणि कारण म्हणून तो फोटो जोडा."

त्यांनी फोन ठेवला. मला राग आला होता. राग एआयचा नव्हता, त्याला बिचाऱ्याला पेण कुठून ठाऊक? ज्यांनी वाचायचं होतं त्यांनी वाचलं नाही, याचा राग होता.

तिकडे काकूंनी सगळी खोकी उघडायला लावली आणि ब्रश घेऊन बसल्या. ट्रकवाला कुरकुरला तर म्हणाल्या, "डोळं आल्याबिगर देव हलायचा नाय. तू चहा पी." सगळ्या मूर्ती डोळे उघडे ठेवून गेल्या.

मला कोणी काढलं नाही. एआय कामाला लागण्याआधी जी सूचनांची फाइल वाचतो, तिच्यात मी मराठीत लिहून टाकलं: 'आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणे. भाषांतर करू नये. पायरी बदलायची तर आधी कारखान्याला विचारावे.' एआय हे मुकाट्याने पाळतो.

कोड आणि डॉक्युमेंटेशन जुळलं म्हणजे दोन्ही खरं, असं नसतं. दोघं मिळून एकच थाप मारू शकतात. फाइलमधली ती ओळ इंग्रजीत करा, असा बदल ऑफिसातून अजूनही अधूनमधून येतो. मी रिजेक्ट दाबते.