साडू घर बघायला येतात

जगात आज जी घरं उभी आहेत, ती माझ्या साडूंनी अजून पाहिलेली नाहीत म्हणूनच उभी आहेत, असं माझं ठाम मत आहे. साडूंनी एकदा पाहिलं की घराचा आत्मविश्वास जातो. काल ज्या भिंतीला टेकून घरधनी खुशाल पेपर वाचत होता, तिच्याकडे तो आज संशयाने बघू लागतो. माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हयातभर सरकारी बांधकामांवर अभियंता म्हणून राबले, आणि निवृत्त झाल्यावर इतरांसारखी बाग करायची किंवा नातवंडं खेळवायची सोडून त्यांनी भोरला घरं तपासून देण्याचा व्यवसाय सुरू केला. पुण्याच्या माणसांना हल्ली भोर-वेल्ह्याकडे खिडकीतून डोंगर दिसेल असं जुनं घर हवं असतं. ही माणसं डोंगर बघतात आणि घर विकत घेतात, घर बघायचं राहूनच जातं, हे साडूंच्या लक्षात आलं. मग त्यांनी एक शबनम पिशवी घेतली. तीत ओळंबा, बॅटरी, लांबलचक स्क्रू ड्रायव्हर, लेव्हल बघायची प्लास्टिकची पारदर्शक नळी, काचेची एक गोटी आणि स्वतः छापून घेतलेला चार पानी तक्ता भरला आणि ते घरांच्या मागे लागले. त्या तक्त्यात पाया, भिंती, छप्पर, ओल, वाळवी वगैरे रकाने आहेतच. पण शेवटचा रकाना ‘घराचा स्वभाव’ असा आहे, आणि तो ते सगळ्यात जास्त वेळ घेऊन भरतात.

व्यवसाय म्हटला तरी वेळकाळ पाहण्याची पद्धत साडूंकडे नाही. आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते पहिल्यांदा आले, तेव्हा पाण्याच्या भांड्याला हात लावण्याआधी त्यांनी हॉलच्या मधोमध गोटी ठेवली. गोटी क्षणभर विचार करून निघाली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. “उतार सौम्य हाय,” साडू म्हणाले, “पन तुमी फसलाय.” आम्ही सात वर्षं तिथे सुखाने राहत होतो. त्या दिवसापासून मला पलंगावर एका बाजूला घसरल्यासारखं वाटतं. आपल्या पुतण्यासाठी साडू मुलगी बघायला गेले, तेव्हा सगळे मुलीकडे आणि पोह्यांकडे बघत होते, साडू आढ्याकडे. “काय वाटतं?” असं मुलीच्या वडिलांनी अदबीने विचारलं. साडू म्हणाले, “पश्चिमेची भिंत फुगलीय. बाकी पसंत.” वडील बशी खाली ठेवून भिंत बघायला उठले. लग्न मात्र झालं, आणि लग्नाआधी आठ दिवस साडू व्याह्यांच्या घरी मुक्काम ठोकून ती भिंत स्वतः उतरवून पुन्हा बांधवून आले. एकदा तर देवळाच्या सभामंडपात पंगत बसलेली असताना त्यांना वरची तुळई करकरल्यासारखी वाटली. “वरन वाढायचं थांबवा!” असं ओरडून त्यांनी चाळीस माणसं भरल्या पत्रावळींवरून उठवली आणि अंगणात नेऊन बसवली. तुळई पडली नाही. ती अजूनही तिथेच आहे. पण हे कुणी हसत बोलून दाखवलं की साडू शांतपणे म्हणतात, “मानसं उठली. भार गेला. म्हनून ऱ्हायली.”

त्यामुळे पासलीतलं घर आम्हाला आवडलं, तेव्हा मी बायकोला पहिली ताकीद दिली ती ही, की ताईला सांगू नकोस. वेल्ह्याच्या डोंगरात, भातखाचरांच्या वर, दगडमातीच्या भिंतींचं आणि मंगलोरी कौलांचं ते घर. घरमालक पन्नाशीचा, गोड बोलणारा शेतकरी. रस्त्याकडेला त्याने नवं स्लॅबचं घर बांधलं होतं आणि जुनं आता रिकामं होतं. कागदपत्रं वकिलाने तपासली होती, त्यात काही खोट नव्हती. पडवीत मधोमध एक काळाभोर, गुळगुळीत खांब होता. बायको त्याला टेकून बसली, समोरच्या डोंगराकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मला इथेच म्हातारं व्हायचंय.” माझी निवृत्ती सहा महिन्यांवर होती. आयुष्यभराचं साठवलेलं या घरात घालायचं, हे आम्ही तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आणि तिने त्याच दिवशी ताईला फोन केला.

दिवाळी नुकतीच झाली होती. भोरहून साडूंना गाडीत घेतलं. भाटघरच्या धरणाचं पाणी बराच वेळ शेजारून चाललं होतं, पण साडूंनी तिकडे पाहिलं नाही. रस्त्याकडेच्या घरांची नक्कल केल्यासारखी ते मान वाकडी करत होते. घर जसं झुकलं असेल, तशी मान. पासलीला पोहोचेपर्यंत त्यांची मान आखडली होती.

घरमालकाने चहा ठेवला होता. साडूंनी चहा नाकारला. काम होईपर्यंत समोरच्याचा चहा घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम आहे. चहा प्यायला की भिंती बऱ्या दिसायला लागतात, म्हणतात. मग तीन तास ते त्या घराच्या अंगाखांद्यावरून फिरले. भिंतींना कान लावला. माती चिमटीत घेऊन हुंगली. माळ्यावर सरपटत गेले आणि तिथून त्यांचा फक्त आवाज येत राहिला: “वासे बरे. रिपा बऱ्या. हितं उंदीर. उंदीर बी धडधाकट.” बायको माझ्याकडे विजयी मुद्रेने बघत होती. खाली उतरून साडू पडवीतल्या त्या काळ्या खांबापाशी आले. त्यांनी त्यावर टिचकी मारली. पुन्हा मारली. त्यांचा चेहरा एकदम हळवा झाला, आणि त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढून खांबाच्या बुडाशी टेकवला. जोर लावलाच नाही. तो लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला.

खांबातून भुसा भुरभुरत होता. “वाळवी,” साडू म्हणाले. “वरनं साल ऱ्हायलीय निस्ती. आन ह्याच्यावरच आढ्याचा भार.”

घरमालक पांढरा पडला आणि मग लाल झाला. “सायब, ह्या खांबाला धरून आमी चालाया शिकलो,” तो म्हणाला. “माज्या बापानं ह्याला टेकून जीव सोडला. आन तुमी त्याच्या पोटात लोकंड खुपसलं? न्हाई इकायचं मला घर. जावा तुमी.”

“इकू नका,” साडू म्हणाले, “पन ह्याच्याखाली बसू बी नका.”

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते घरमालकामुळे नव्हे तर साडूंमुळे आलं होतं. “दाजी, तुम्हाला काही चांगलं बघवतच नाही,” ती म्हणाली. मी मधे पडून बरंच काही गुळमुळीत बोललो. घरमालक मुळात सज्जन. त्याने खांबावरून हात फिरवला, भुसा तळहातावर घेतला, आणि थोड्या वेळाने खालच्या आवाजात विचारलं, “वाळवीला ओल कुटनं मिळाली म्हनायची?”

हा प्रश्न विचारून त्याने साडूंचं मन कायमचं जिंकलं. “आत्ता बोललात!” साडू म्हणाले. ओल कुठून येते हे बघायला पाऊस हवा, आणि पाऊस नसेल तर तो पाडावा लागतो. घरमालकाच्या विहिरीवर मोटर होती. पाइप जोडला गेला. साडू धोतर नेसल्यासारखा टॉवेल कमरेला गुंडाळून शिडीवरून आढ्यापर्यंत चढले आणि त्यांनी वेल्ह्यातला अख्खा आषाढ एकट्याने सुरू केला. मी आत छत्री घेऊन, तक्त्यावर गळणाऱ्या जागा टिपत. बायको रागावलेली असूनही बाहेरून ओरडून दिशा सांगत. भाताची झोडणी टाकून निम्मं गाव बघायला आलं. एक म्हातारी म्हणाली, “ह्याला कुटल्या देवानं धाडलं?” छप्पर गळलं फक्त दोन ठिकाणी, आणि मी आनंदाने ओरडणार इतक्यात घराच्या मागून कुणीतरी त्याहून मोठ्याने ओरडलं.

मागच्या अंगाला घरमालकाच्या चुलत भावाचं अंगण होतं. मागच्या वळचणीचं सगळं पाणी थेट तिथे पडलं होतं आणि तिथे त्याचा पेंढा वाळत होता. तो भिजलेली पेंढी हातात घेऊन आला. साडूंना उद्देशून, पण बघत घरमालकाकडे, तो म्हणाला, “सायब, त्यान्ला सांगा, नऊ वरसं हेच चाललंय. ह्यांच्या पागोळ्या माज्या दारात!”

घरमालक शिडीकडे बघत म्हणाला, “सायब, त्यान्ला सांगा, पानी माजं नव्हं. त्यान्नी भराव घालून अंगान वर घेतलं, म्हनून माज्या भिंतीत मुरतंय. माजा खांब त्यान्नी खाल्ला!”

असं कळलं, की दोघं भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. लग्नकार्यात, मयतीत, भाताच्या लावणीत, सगळा व्यवहार तिसऱ्या माणसातर्फे. हे पाणी नक्की कुणाकडून कुणाकडे जातं, यावर दोघांच्याही पोटात एकेक पक्कं उत्तर होतं.

“कुनी मोजलं का?” साडूंनी वरूनच विचारलं.

मोजलं कुणीच नव्हतं. साडू उतरले, त्यांनी नळी काढली, तीत पाणी भरलं. ही नळी फार साधी वस्तू आहे. दोन टोकं दोघांनी धरायची. दोन्हीकडचं पाणी आपोआप एका पातळीत येतं, आणि जमीन कुठे उंच, कुठे सखल ते कळतं. पण पाणी स्थिर झालं का, हे एकाने दुसऱ्याला सांगावं लागतं. एक टोक मालकाच्या हद्दीत, दुसरं भावाच्या. आणि परक्याने आपल्या हद्दीत पाय ठेवलेला दोघांनाही चालणार नव्हता. साडूंनी एक टोक याच्या हातात दिलं, दुसरं त्याच्या, आणि “आता माजा च्या द्या,” म्हणून नियम मोडून ते पडवीत जाऊन बसले.

दोघं भाऊ नळी धरून उभे राहिले. बराच वेळ झाला. घरमालक म्हणाला, “सायब, त्यान्ला सांगा, पानी हालतंय.”

“मला ऐकू येत न्हाई,” साडू बशीत फुंकर मारत म्हणाले.

मग भाऊ, नळीकडेच बघत, पुटपुटला, “माजं न्हाई हालत. हात हालतोय तुजा.”

“माजा? तुजा हालतोय. खाली घे.”

“किती?”

“बोटभर. आरं बोटभर म्हनलं, हातभर न्हाई! लहानपनापासनं असाच!”

“तूच बोटं मोजाया शिकीवलं न्हवं?” भाऊ म्हणाला, आणि पहिल्यांदा वर बघितलं. म्हातारीने पदर तोंडाला लावला. बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला, की वळ उठला.

दोष दोघांचाही नव्हता, असं निघालं. अंगण आणि भिंत जवळजवळ एका पातळीत. उतार होता तो पूर्वेच्या ओघळीकडे, आणि तिकडे वाट मोकळी नव्हती म्हणून पाणी गोंधळून दोन्ही घरांत शिरत होतं. बारा हातांची चर काढली की काम झालं. संध्याकाळच्या आत दोघा भावांनी चर खणूनही टाकली. मधे मधे भांडत, पण थेट. गोठ्यासाठी राखून ठेवलेला ऐनाच्या लाकडाचा सोट भावाने खांबाकरता दिला. साडूंनी ‘घराचा स्वभाव’ या रकान्यात बराच विचार करून लिहिलं: ‘भोळा. शेजार सुधारल्यास टिकेल.’ खांब बदलल्यावर आम्ही घर घेतलं. नव्या खांबाला टेकलं की पाठीला टोचतं. बायको म्हणते, होईल गुळगुळीत, वेळ आहे.

मागच्या वर्षी साडूंचा फोन आला. त्यांचा मुलगा म्हणत होता, त्यांनी आणि ताईंनी आता पुण्याला त्याच्याकडे राहावं, अकराव्या मजल्यावर. भोरचं घर विकायला काढलं होतं. “गिऱ्हाईक आलंय,” साडू म्हणाले, “पन त्यानं तपासनारा आनला न्हाई. नुसतं बघून हो म्हनला. असं कसं चालंल? तुमी या.”

“मी? अहो, तुम्हीच बघा की.”

“बघितलं. चार दिस बघतोय,” ते म्हणाले. “मला काय दिसतच न्हाई.”

मी गेलो. मला त्यातलं काडीचं कळत नाही, पण त्यांनी तक्ता दिला, तो घेऊन खोल्या फिरलो. ते शाळेत निकाल ऐकायला आलेल्या पालकासारखे माझ्यामागून चालत होते. स्वयंपाकघरात कोपऱ्यात भिंतीला हातभर काळसर डाग होता. मी भीतभीत म्हणालो, “साडूभाऊ, इथे ओल आहे वाटतं.”

त्यांनी वाकून पाहिलं. चष्मा काढून, पुसून, पुन्हा पाहिलं. “हितं हिचा मातीचा माठ असायचा पान्याचा,” ते म्हणाले. “घर बांधल्यापासनं. मी म्हनायचो हालीव, ती म्हनायची हितंच गार ऱ्हातं.” आतल्या खोलीत ताई भांडी कागदात गुंडाळत होत्या, त्याचा आवाज येत होता. साडू थोडा वेळ त्या डागावर तळहात ठेवून उभे राहिले.

“लिवा,” मग ते म्हणाले. “ओल हाय. गिऱ्हाइकाला कळाया पायजे.”

मी लिहिलं. त्यांनी ते वाचून पाहिलं, आणि खाली सही केली.