तिसऱ्या तक्रारीचा ओटीपी

वाकडच्या टॉवरांवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. मी ज्योतीराम, निघोज्याचा. इंटरनेटच्या फायबर जोडणं हे माझं काम. या टॉवरांत आम्हाला पुढची लिफ्ट नाही, मागची कचऱ्याच्या डब्यांची. दर वेळी गेटवर फोटो काढतात, जणू कालच तुरुंगातून सुटून आलोय.

पण सांगायचंय ते बुद्धरत्नबद्दल. आमच्याच ऑफिसात तो घरोघरी जाऊन बिघाड शोधतो. राहायला चिंचवड स्टेशनजवळ, शिक्षण आयटीआय. राउटरला हात लावण्याआधी घरातल्यांना विचारतो, "हात लावू का?" दुरुस्तीला बोलावलंय तर विचारायचं काय? कुणी कितीही बोललं तरी आवाज चढवत नाही. त्याचा तो शांतपणा बघून माझंच डोकं फिरतं.

आमच्याकडे तक्रार बंद करायला ग्राहकाचा ओटीपी लागतो. एकच तक्रार तिसऱ्यांदा उघडली आणि त्या भेटीतही कारण सापडलं नाही, तर त्या माणसाचा आयडी बंद. आयडी बंद म्हणजे नोकरी बंद. वाकडच्या त्या फ्लॅटची तक्रार चौदा तारखेला आली होती. बुद्धरत्न दोनदा जाऊन आला, दोन्ही वेळा "लाइन ओके" लिहून परतला, आणि दोन्ही वेळा तक्रार पुन्हा उघडली. तिसऱ्या वेळी मला सोबत पाठवलं, फायबर तपासायला.

दार उघडलं निरंजननं. एका आयटी कंपनीत मॅनेजर. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात हेडफोन.

"परत तूच? दोन आठवडे मी फोनच्या डेटावर मीटिंगा करतोय. पूर्ण नाव काय रे तुझं? आज वरपर्यंत मेल करतो."

बुद्धरत्ननं नाव सांगितलं, आडनावासकट.

"अच्छा," निरंजन म्हणाला, आणि सोफ्यावरची उशी उचलून स्वतःजवळ घेतली. तो "अच्छा" मला चांगला ठाऊक आहे. आमच्या गावात मी तो लहानपणापासून ऐकलाय, आणि खोटं कशाला बोलू, एकेकाळी स्वतःही म्हटलाय.

मी फायबर तपासली. ठणठणीत होती. बुद्धरत्ननं स्वतःचा लॅपटॉप जोडला. सगळ्या साइट्स फटाफट उघडल्या.

"बघा, चालतंय की," मी म्हणालो.

"माझ्या लॅपटॉपवर चालत नाही! मी मूर्ख आहे का?"

तेव्हा बुद्धरत्न थांबला. म्हणाला, "साहेब, तुमचा लॅपटॉप द्या. हात लावू का?"

निरंजनच्या लॅपटॉपवरून त्यानं आधी साइटचा नुसता आकडी पत्ता टाकला. समोरून उत्तर आलं. मग साइटचं नाव टाकलं. काही नाही. चाकण एमआयडीसीत नवा माणूस कंपनीचं नाव घेऊन भटकतो, मग चौकातला चहावाला त्याला प्लॉट नंबर सांगतो, तेव्हा कुठे गेट सापडतं. इंटरनेटमध्येही नावाचा नंबर सांगणारा असा एक असतो, त्याला डीएनएस म्हणतात. इथे रस्ता चांगला होता, चहावालाच सांगत नव्हता.

आणि चूक आमची होती. कुणाच्याही घरी काम अडू नये म्हणून आमच्या सगळ्यांच्या लॅपटॉपांत आम्ही एक पक्का डीएनएस टाकून ठेवलेला असतो. तो घरातल्या राउटरला काही विचारतच नाही. त्यामुळे आमच्या लॅपटॉपवर सगळं चालणारच! म्हणजे दोन्ही वेळा निरंजन खरं बोलत होता. हे कबूल करताना मला अजूनही जड जातं.

"चुकलं माझं साहेब," बुद्धरत्न म्हणाला, आणि परवानगी घेऊन राउटरची सेटिंग उघडली. आत डीएनएसच्या जागी अनोळखी आकडे होते.

"ते माझ्या ऑफिसचे," निरंजन म्हणाला. " घरून काम करणाऱ्यांसाठी ऑफिसच्या माणसानं घातलेत."

बुद्धरत्ननं त्या आकड्याला थेट विचारलं. तो बंद नव्हता. उत्तर लगेच आलं: नकार. पलीकडचा चहावाला जागाच होता, त्यानं फक्त या घराला यादीतून काढलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं, पुन्हा नकार. निरंजननं पडद्यावर वाचलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ऑफिस एखाद्या घराला यादीतून कधी काढतं, हे मलाही कळत होतं.

तेवढ्यात त्याची बायको स्वरूपा आतून आली. "काय निघालं?"

"यानंच मागच्या वेळी सेटिंग बिघडवली होती," निरंजन झटकन म्हणाला. "आता सापडली. असले लोक पाठवतात!"

चोराच्या उलट्या बोंबा! माझे हात शिवशिवले.

"मग यांच्या ऑफिसला कळवायलाच हवं," ती म्हणाली. "पंधरा दिवस आम्ही हाल काढले. कनेक्शन माझ्या नावावर आहे, मीच लिहिते."

बुद्धरत्ननं निरंजनकडे पाहिलं. निरंजननं "माझी चूक झाली बोलण्यात" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यानं उशी आणखी जवळ ओढली आणि दुसरीकडे बघितलं.

"मॅडम, ही सेटिंग साहेबांच्या ऑफिसनं दिलेली," बुद्धरत्न म्हणाला. आवाज तसाच. "चौदा तारखेपासून ऑफिसनं या घराला नकार दिलाय. का, ते साहेबांना विचारा. त्यापायी मी माझी नोकरी घालवणार नाही."

त्यानं ऑफिसचे आकडे काढून आमचे टाकले. निरंजनच्या लॅपटॉपवर साइट उघडली. तक्रारीत कारण लिहिलं: ग्राहकाची सेटिंग. मग ओटीपी मागितला. स्वरूपानं फोन बघून चार आकडे एकेक करून सांगितले. नजर नवऱ्यावर होती.

"चौदा तारखेपासून?" तिनं त्याला विचारलं. आम्ही बॅगा उचलून बाहेर पडलो.

खाली पार्किंगमध्ये मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "लई झ्याक केलंस राव! चांगली जिरवली."

त्यानं माझा हात बाजूला केला.

"जिरवली नाही. माझ्या बापाची कंपनी बंद पडली, तेव्हा तोही असाच रोज सकाळी शर्ट घालून निघायचा."

"आन् तरी बोललास? तुला तर ठाऊक व्हतं की रं."

"सहा महिने आई त्याला पहाटे उठून डबा बांधून देत होती, ज्योतीराम," तो गाडीला किल्ली लावत म्हणाला. "अख्ख्या पिंपरीला माहीत होतं. तिला कुणी सांगितलं नाही."