समितीलाही न सांगितलेली धूळ

जयमालाला राग पटकन यायचा आणि लवकर जायचा नाही. दिघीतल्या त्यांच्या गल्लीत टँकरवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांनी तो चाखला होता. पण गेलं वर्षभर तिचा बराचसा राग घरातच खर्च होत होता, विलासवर.

विलास, तिचा नवरा, चाकणच्या एका लहान कंपनीत ग्राइंडिंगला होता. कंपनीकडे लष्कराचं कसलंसं गुप्त काम आलं. मोजकी माणसं निवडली, कुठं बोलणार नाही म्हणून सह्या घेतल्या, त्यात हा. बीडहून रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला कोणीतरी विश्वासाचा मानलं, म्हणून स्वारी खूश. कसलं काम, असं तिनं विचारलं तर छाती काढून म्हणाला, देशाचं.

आता त्याच छातीतून जिना चढताना शिट्टी वाजायची. डॉक्टर नेहा स्पष्टच बोलल्या होत्या की फुप्फुसात बारीक धूळ बसलीय. ती कशाची ते कळलं तर उपचारांना दिशा मिळेल, नाहीतर सगळा अंदाजाचा कारभार.

एवढंच हवं होतं तिला. धुळीचं नाव. तोफगोळ्याचा नकाशा कोण मागतंय?

कंपनीने गोपनीय म्हणून हात वर केले. माहिती अधिकारात अर्ज टाकला, तर सुरक्षेचं कलम दाखवून तो परत आला. आणि विलास? विचारलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. सही केलीय म्हणायचा. सहीवर श्वास घेता येतो का, असं तिनं एकदा ताटावर बसलेल्या माणसाला विचारलं होतं. तो जेवण टाकून उठला.

शेवटी तिने खासदार मारुतराव यांना गाठलं. संसदेत अशा कामांवर देखरेख करणारी एक समिती असते आणि साहेब त्या समितीवर आहेत, हे तिने मोबाईलवर वाचून पाठ केलं होतं. साहेबांनी प्रश्न टाकलाही. दोन अधिवेशनं उलटली. मग त्यांनी तिला ऑफिसात बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, प्रश्न नाकारला. बंद खोलीतल्या बैठकीतही तोंडी विचारलं, तर अधिकारी म्हणाले, असं काही काम चालूच नाही.

जयमालाने मोबाईल काढून टेबलावर ठेवला. कंपनीच्या गेटवर वर्षभर फोन जमा करून घेतात. पण खंडेनवमीला मशिनींची पूजा असते, घरच्यांना बोलावणं असतं आणि गार्ड पेढे वाटण्यात गुंतलेला असतो. सगळ्या बायका फोन घेऊन आत. फोटोत झेंडूची माळ घातलेलं मशीन होतं, शेजारी नवा शर्ट घातलेला विलास आणि मागे ओळीने रचलेले करडे डबे. नसलेल्या कामाला जयमालाने स्वतः हळदीकुंकू लावलं होतं.

साहेबांनी फोटो पाहिला आणि फोन दोन बोटांनी तिच्याकडे सरकवला.

"ताई, हा तुम्ही मला दाखवला नाही. आधी तुमच्या नवऱ्याला उचलतील."

"मग तुम्ही समितीत करता काय?"

"जेवढं सांगतात तेवढं ऐकतो," मारुतराव म्हणाले, आणि चहा गार होतोय म्हणाले.

घरी येईपर्यंत तिचं डोकं नुसतं तापलं होतं. विलास पलंगावर उशीला टेकून बसला होता. तिने चप्पलसुद्धा काढली नाही.

"खासदाराला सांगत न्हाईत, डॉक्टरला सांगत न्हाईत. तुमाला तर म्हाईत हाय ना? बायकोला काय मरताना सांगणार?"

तो बराच वेळ खोकला. मग खाली बघत म्हणाला, "मला कुठं म्हाईत हाय?"

"काय?"

"डब्यावर नुसता नंबर असायचा. नाव खरवडलेलं. एकदा विचारलं तर सुपरवायझर म्हणला, तुझ्या पगाराएवढंच बोल." त्याने चादरीचा कोपरा बोटाला गुंडाळला. "गल्लीत सगळ्यांना वाटायचं, विलासला मोठं गुपित म्हाईत हाय. तुलाबी वाटायचं. वाटू दिलं."

वर्षभर त्याला घालून पाडून बोललेलं सगळं तिच्या तोंडाशी आलं आणि तिथंच अडकलं. त्याच्यावर ओरडावं, तर त्याच्याकडे लपवायलाही काही नव्हतं. तिने चप्पल काढली आणि त्याला पाणी आणून दिलं.

सकाळी तिने त्याला इस्त्रीचा शर्ट घातला, रिक्षात बसवलं आणि मारुतरावांच्या ऑफिसात नेलं. जिन्यात तो दर चार पायऱ्यांना थांबत होता. तिने घाई केली नाही. पीए म्हणाला, साहेब दिल्लीला निघतायत, समितीची बैठक आहे.

"बरं झालं," ती म्हणाली. "बैठकीआधी यांचा खोकला ऐकून जाऊ द्या."

तिने खुर्ची ओढून साहेबांच्या दाराला लावली आणि विलासला त्या खुर्चीत बसवलं. पीएने बाजूला व्हायला सांगितलं. विलास उठायला लागला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. आत फोनवर बोलणाऱ्या मारुतरावांचा आवाज, खोकला सुरू झाला की, थांबत होता.