आप्पांचा उजवा कान

परवा नातीच्या ऑफिसात कुणी एक बाई येऊन सगळ्यांना ऐकायला शिकवून गेल्या. नात घरी आली आणि मला एकेक सांगायला लागली. समोरच्याकडं नीट बघायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, अधूनमधून मान हलवायची, म्हणजे बोलणाऱ्याला वाटतं की आपलं ऐकलं जातंय. मी म्हटलं, मान हलवण्याचं तेवढं शिकू नकोस. ती हसली. आजीचं नेहमीचं खूळ असं तिला वाटलं असणार. पण कुणी बोलत असताना दुसरा नुसती मान हलवताना दिसला की माझं डोकं अजून फिरतं, आणि त्याला कारण आहे.

आम्ही मुरुमचे. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडील, म्हणजे आमचे आप्पा, जिनिंगच्या कारखान्यात मशीनवर होते. कापसातून सरकी वेगळी काढणारी ती यंत्रं एकदा सुरू झाली की शेजारच्याचं बोलणं कुणाला ऐकू जात नसे. तिथं पोरवयापासून राबून आप्पांचे कान गेले. एका दिवसात नाही गेले, हळूहळू गेले, त्यामुळं कधी गेले ते कुणालाच कळलं नाही. आप्पा स्वतः ते कबूल करत नसत. ‘डावा कान जरा जड हाय, उजव्यानं समदं येतंय की मला,’ असं ते चारचौघांत ठणकावून सांगत. इतक्या खात्रीनं सांगत की आम्हीही ते खरं धरलं.

आमची गल्ली म्हणजे भिंतीला भिंत लागलेली घरं. एका घरात भांडं पडलं तर चौथ्या घरातली बाई ‘काय गं सांडलं’ म्हणून विचारी. अशा ठिकाणी कमी ऐकणाऱ्या माणसाला काय सांगता येतं? जे गल्लीला ऐकवता येतं तेवढंच. ‘आप्पा, भाकरी वाढलीय!’ ‘आप्पा, पाव्हणं आल्यात!’ ‘म्हैस व्याली!’ असलं सगळं आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडून सांगायचो. बाकीचं, म्हणजे दुखणी, रुसवे, शेजाऱ्यांच्या भानगडी, पोटातली भीती, हे आम्ही तिघी, म्हणजे आई, मोठी बहीण आणि मी, चुलीपाशी कुजबुजायचो. आई पलीकडच्या कानडी मुलखातली. तिला आम्ही अव्वा म्हणायचो. कुजबुजायचं झालं की ती कानडीत शिरायची. आप्पांच्या हिशेबानं आमच्या घरात कधी काही वाईट घडलंच नव्हतं. आमच्याइतकं सुखी घर गल्लीत दुसरं नाही, असं ते म्हणायचे, आणि मोठ्यानं म्हणायचे.

लिहून द्यावं म्हटलं तर तीही सोय नव्हती. आप्पा निजामाच्या वेळी उर्दू शाळेत शिकलेले, त्यांना मराठी वाचता येत नसे. मोठी बहीण, आमची अक्का, आणि मी मराठी शाळेत गेलो. आम्हाला उर्दूचं अलिफही माहीत नव्हतं. काही महत्त्वाचं असलं तर शेजारचे मास्तरचाचा उर्दूत दोन ओळी लिहून आप्पांना दाखवायचे. चाचा देवमाणूस होते, पण म्हणजे चाचांना सांगता येईल तेवढंच लिहिलं जायचं.

आणि आप्पांना मान हलवायची सवय होती. कुणी बोलायला लागलं की ते थोडं पुढं वाकायचे, उजवा कान त्याच्याकडं करायचे, आणि माणसाचा चेहरा बघून मान डोलवायचे. चेहरा हसरा असला तर हसून, रडका असला तर डोळे मिटून. बरोबर जागी ‘हं’ म्हणायचे. लोक म्हणायचे, ह्यांच्यापाशी बोललं की मन हलकं होतं. मला आज त्या लोकांचाही राग येतो.

अक्काचं लग्न जळकोटला झालं. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, आठ-आठ दिवस हैदराबादकडं. घरात सासू आणि सासरा. लग्नानंतरच्या दुसऱ्या नागपंचमीला अक्का माहेरी आली ती वाळून गेलेली. झोक्यावर बसेना, मेंदी लावेना. चुलीपाशी बसून तिनं अव्वाला सांगितलं तेव्हा मी तिथंच पीठ मळत होते. नवरा घरात नसला की सासऱ्याची नियत फिरते, सासूला ते माहीत आहे आणि ती तोंड फिरवते, रात्री दाराला आतून पाटा-वरवंटा लावून झोपावं लागतं. एकदा तोही सरकवला गेला होता. अव्वाच्या हातातली फुंकणी तशीच राहिली.

‘म्या परत जानार न्हाय,’ अक्का म्हणाली.

लग्न झालेली पोरगी घरात ठेवून घ्यायची तर ते आप्पांनीच म्हणायला हवं होतं. अव्वाच्या म्हणण्याला भाऊबंदांत किंमत नव्हती. पण आप्पांना हे सांगणार कोण आणि कसं? ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हती. रानात नेऊन सांगू म्हटलं तर अव्वा म्हणाली, ‘मोकळ्या रानात वरडलं तर दोन शिवारं ऐकत्यात.’ चाचांना सांगून लिहून घ्यायचं तर परक्या पुरुषापुढं अक्काची जीभ रेटली नसती. शेवटी अव्वा म्हणाली, ‘तुझी तूच त्यांच्या उजव्या कानाशी बस. हळू सांग. बाप हाय, ऐकतील.’

पावसाळ्यात कारखाना बंद असायचा, आप्पा दुपारी बाजेवर बसलेले असायचे. अक्का त्यांच्या उजव्या अंगाला खाली बसली. मान पायांच्या नखांत, तोंडावर पदराचा बोळा. असलं काही बापाच्या तोंडाकडं बघून सांगायची रीतच नव्हती. मी आणि अव्वा दाराआड उभ्या होतो. अक्का बराच वेळ बोलत होती. मध्ये थांबायची, डोळे पुसायची, परत बोलायची. आप्पा वाकून ऐकत होते. मान हलवत होते. डोळे मिटून ‘हं’ म्हणत होते. अक्काचं बोलणं संपलं तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘असं असतंय बाई. सोसावं लागतंय. समद्याच पोरींच्या वाट्याला येतंय हे. जा तू आपल्या घरी, हुईल समदं नीट.’

अक्कानं वर बघितलं. त्या वेळचा तिचा चेहरा मी अजून विसरलेली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आपलं बोचकं बांधलं आणि गेली.

मला आप्पांची किळस आली. हो, किळसच. एवढं ऐकून हा माणूस पोरीला परत धाडतो? अव्वानं तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं. पण बोलणं टाकलं आहे हे आप्पांच्या लक्षात यायला हवं ना! ते आपले जेवत होते, ढेकर देत होते, घर सुखात आहे म्हणत होते.

दिवाळीला आप्पा स्वतः जळकोटला जाऊन आले. अक्कानं त्यांना पाणी दिलं, जेवू घातलं, आणि समोरून निघून गेली. घरी येऊन आप्पा खूश. ‘पोरगी गप झालीय. संसाराला लागली म्हनायची.’ पुढं तिला दिवस गेल्याचा निरोप आला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, म्हणून अव्वानं डिंक-खोबरं जमवून ठेवलं. अक्का आली नाही. मुलगा झाला तोही तिकडंच. त्या वेळी आप्पा दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, ‘पोरगी का येत न्हाय आमची? काय चुकलं आमचं?’ गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून आत जात होत्या. त्यांना बरंच काही कळलं होतं. आमच्या भिंतींना कान होते, फक्त घरधन्याला नव्हते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात अव्वा तापानं आडवी झाली आणि आप्पांची भाकरी घेऊन मी पहिल्यांदा कारखान्यात गेले. आत पाऊल टाकलं आणि माझेच कान बंद झाले. कापसाचे तंतू हवेत तरंगत होते. यंत्रांच्या धडधडीत माझे आप्पा पलीकडच्या माणसाशी गप्पा मारत होते. गप्पा! दोघांच्या मध्ये दहा-बारा हात अंतर, आवाज कुणाचाच नाही, नुसते ओठ हलत होते आणि मधूनच एखादं बोट. पलीकडचा काहीतरी बोलला आणि आप्पा पोट धरून हसले. मग तिसरा बोलला, त्याला आप्पांनी उत्तर दिलं. आमच्या घरात एवढं बोलताना मी त्यांना जन्मात बघितलं नव्हतं. तिथली सगळी जुनी माणसं तशीच बोलत होती. ती ओठांवरून ऐकत होती.

आप्पांनी हे घरी कधी सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नसेल. आणि घरात आम्ही त्यांच्याशी कसं बोलायचो? चुलीकडं तोंड करून, दाराआडून, पदर तोंडाशी धरून, मान खाली घालून. बायकांनी बापासमोर, सासऱ्यासमोर तोंड वर करून बोलायचं नसतं, हे आम्हाला चालायच्या आधी शिकवलेलं.

संध्याकाळी आप्पा हातपाय धुऊन बसले तेव्हा मी त्यांच्यासमोर बसले, तोंड वर केलं आणि आवाज न काढता ओठ हलवले. ‘आप्पा, चहा टाकू का?’

‘टाक की,’ आप्पा म्हणाले.

चहाचं तसंच राहिलं. मी परत ओठ हलवले. ‘त्या पंचमीला अक्कानं तुमाला काय सांगितलं व्हतं?’

‘काय सांगनार? सासुरवासाचं. समद्या पोरी सांगत्यात.’

‘ऐकू आलं व्हतं?’

आप्पांनी नजर वळवली. मी त्यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडं केलं. बापाला असं करण्याची माझी हिंमत कुठून आली कुणास ठाऊक. ‘रडत व्हती,’ ते म्हणाले. ‘त्यावरनं वळखलं म्या.’

मग मी सांगितलं. आवाज नव्हता म्हणूनच सांगता आलं. माझे ओठ थरथरत होते म्हणून त्यांना ते पुरतं वाचता येईना, आणि ‘परत सांग’ म्हणून त्यांनी मला ते घाण वाक्य पुन्हा बोलायला लावलं. आप्पा ओरडले नाहीत. बराच वेळ माझ्या तोंडाकडंच बघत राहिले, जणू त्यातून आणखी काही यायचं बाकी आहे. आमच्या घरात इतकं मोठं काही पहिल्यांदाच बोललं गेलं होतं, आणि गल्लीत त्याचा चकार शब्द गेला नाही. सकाळी त्यांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, ‘चल.’

उमरग्याहून सोलापूरच्या गाडीनं आम्ही जळकोटला उतरलो. जावई नव्हता. सासरा ओट्यावर बसला होता, ‘या या’ म्हणाला. आप्पा त्याच्याकडं न बघता थेट दाराशी गेले. अक्का कडेवर पोर घेऊन उंबऱ्यात आली. आप्पांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. ‘पोरी, मला तवा ऐकू आलं नव्हतं गं! एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. म्या उगं मान हलवली. चल, आपल्या घरी चल.’

शेजारच्या बायका कुडापाशी जमल्या. सासऱ्यानं चंची काढून तंबाखू मळायला घेतली. सासू आतून आली आणि अक्काच्या कडेवरच्या पोराला हात घातला. ‘तिला जायचं तर जाऊ द्या. नातू आमचा हाय.’

अक्कानं पोर सोडलं नाही, हिसकून छातीशी धरलं. मग मान खाली घातली, पदर तोंडाशी घेतला आणि बोलायला लागली. सासरा समोर होता ना! तिथंही ती रीत सुटली नाही. आप्पा वाकून वाकून तिचं तोंड बघायला धडपडत होते, त्यांना नुसता पदर दिसत होता. ते माझ्याकडं वळले. ‘काय म्हनतीय? काय म्हनतीय ती?’

मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि अक्काचं बोलणं जसंच्या तसं ओठांनी सांगितलं. ‘आप्पा, तुमी समदं ऐकून मला हितं धाडलं, असं धरून म्या आजवर जगले. रोज तुमाला शिव्या दिल्या. त्या रागाचाच आधार व्हता मला. आता तो बी न्यायला आलात. ह्या लेकराला टाकून म्या येनार न्हाय. जावा तुमी.’

मी सांगून वळले तोवर अक्का आत गेली होती आणि सासूनं दार लोटून घेतलं होतं.

गाडीची वाट बघत आम्ही सडकेच्या कडेला बसलो. ट्रक येत-जात होते. आप्पा रडायला लागले. बहिऱ्या माणसाला आपलं रडणं किती मोठं आहे ते कळत नाही. हॉटेलातली माणसं कपबशा हातात घेऊन बाहेर आली, एक ट्रकवाला गाडी थांबवून बघायला लागला. हळू रडा, असं मी त्यांना सांगितलं नाही. अक्काचं घर तिथून जवळच होतं, तिला ते नक्की ऐकू गेलं असणार. ती बाहेर आली नाही.