वाजवून घेतलेली फ्रेम

आमच्या भाऊजींनी आयुष्यात एकही वस्तू न वाजवता घेतलेली नाही. कलिंगड काय, सगळेच वाजवून घेतात. भाऊजी फरशी वाजवतात, कप वाजवतात, दार वाजवतात, आत जायचं नसलं तरी. माझ्या नवऱ्याने नवीन हेल्मेट आणलं तेव्हा ते त्याच्या डोक्यावर असतानाच भाऊजींनी दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "बद्द वाजतंय." हेल्मेट की डोकं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. डॉक्टर छाती ठोकून बघत असताना "थांबा, डावीकडे परत एकदा वाजवा" असं डॉक्टरांनाच सांगणारा हा माणूस आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. वॉशबेसिन आणि कमोड बनवणाऱ्या कारखान्यात तेहतीस वर्षं त्यांचं एकच काम. भट्टीतून निघालेला प्रत्येक नग लाकडी हातोडीने वाजवायचा. खणखणीत वाजला तर पॅकिंगला, बद्द वाजला तर फुटक्या मालाच्या ढिगात. डोळ्यांना न दिसणारी केसाएवढी चीर त्यांच्या कानाला सापडायची. कारखान्यात त्यांना टकटकराव म्हणतात. हे नाव चेष्टेत पडलं होतं, पण भाऊजींनी ते पदवीसारखं मिरवलं.

आता जे सांगायला जीभ रेटत नाही ते सांगते. भाऊजींचा कान गेला होता. पार नाही, पण बारीक, टोकदार आवाज त्यांना ऐकू येईनासे झाले होते. किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडायची आणि भाऊजी तिच्या शेजारी पेपर वाचत बसलेले असायचे. फोन वाजला तरी पत्ता नाही. आपण काही बोललो तर "हल्ली माणसं पुटपुटतातच फार" म्हणायचे. टीव्हीचा आवाज इतका, की समोरच्या बिल्डिंगमधली आजी आपला टीव्ही न लावता यांच्यावरच बातम्या ऐकायची. कारखान्यातून गेलेली तीन बेसिनं तडा गेला म्हणून परत आली, तेव्हा भाऊजींनी आधी पॅकिंगवाल्यांना धारेवर धरलं, मग ट्रकवाल्याला, मग रस्त्याला. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. घरात सगळ्यांना कळत होतं, पण सांगणार कोण? त्या माणसाला कान गेला म्हणणं म्हणजे तुम्हीच गेलात म्हणण्यासारखं होतं. मी एरवी कुणाची भीडभाड ठेवत नाही, पण इथे माझीही दातखीळ बसायची.

अशात सायकलचं निघालं. दहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर हे सायकलवर बसले, आणि तीही जाड टायरची, डोंगरात चालवायची. दर रविवारी पाच-सहा पिकलेली माणसं डोंगर चढतात आणि मग दगडाधोंड्यांतून जिवावर उदार होऊन खाली येतात. ताई रविवारी सकाळी कशातच लक्ष नसल्यासारखी वावरते आणि ते परत आले की उगाच चिडते.

एका शनिवारी सायकलवाल्या मेकॅनिकने भाऊजींना सीटखालच्या सांध्यात बॅटरी मारून चांगली बोटभर चीर दाखवली.

"काका, उतारावर तुटली असती तर दात वेचत बसला असता," मेकॅनिक म्हणाला.

"काल तर खणखणीत वाजत होती," भाऊजी म्हणाले. "रात्रीत गेली असणार."

मेकॅनिकने मान खाली घालून हसू गिळलं असावं. त्याने सल्ला दिला: आता कार्बनची फ्रेम घ्या, पिसासारखी हलकी. पण घेताना डोळ्यांत तेल घाला, कारण कार्बनचे आतले पापुद्रे सुटलेले वरून दिसत नाहीत. नाण्याने वाजवून बघायचं. चांगली फ्रेम 'टक्' वाजते, सुटलेली 'ठप्'.

वाजवून बघायचं! भाऊजी हवेतच तरंगत घरी आले.

अडचण एवढीच होती, की भाऊजींची उंची बेताची. त्यांच्या मापाची फ्रेम आपल्याकडच्या एकाही दुकानात नव्हती. परदेशातल्या विक्रेत्याकडून मागवायची तर माल हातात येईपर्यंत वाजवणार कसा? इथे त्यांना माझी आठवण झाली. बाहेरून आलेला माल सोडवून देणाऱ्या एजंटाकडे मी फॉर्म भरते. तेवढ्यावरून भाऊजींच्या लेखी मी आंतरराष्ट्रीय व्यापाराची सर्वेसर्वा.

"मेहुणीबाई, तुमच्याशिवाय पान हलणार नाही," ते म्हणाले.

तर त्यानंतरचे सहा रविवार मी ताईच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले. पलीकडे ताई इस्त्री करत असायची. भाऊजी सांगायचे आणि मी लिहायची. शहाण्या माणसाने विचारलं असतं, की वॉरंटी आहे का, वजन किती, चाक कुठलं बसतं, माल खराब निघाला तर परत कोण घेणार. हे सगळं मीच विचारलं. भाऊजींचा प्रश्न एकच: फ्रेम नाण्याने सात ठिकाणी वाजवा आणि आवाज पाठवा.

पहिल्या विक्रेत्याचं नाव आम्ही 'प्रिय मित्र' ठेवलं, कारण त्याची सुरुवातच तशी असायची. मी बाईमाणूस आहे हे दोनदा कळवूनही मी प्रिय मित्रच राहिले. त्याने फ्रेमचा व्हिडिओ पाठवला, त्याला मागे धडाम्-धुडूम् संगीत.

"संगीत कशाला?" भाऊजी भडकले. "काहीतरी झाकतोय. काट त्याला."

दुसरा 'लगेच-लगेच'. त्याला मेल पाठवून पाण्याचा घोट घ्यावा तोवर उत्तर हजर. कुठल्याही मापाची, कुठल्याही रंगाची, हव्या तर दोन फ्रेमा उद्याच पाठवतो म्हणाला. माझ्या ऑफिसातल्या अनुभवाने सांगते, इतका गोड बोलणारा माल अडकला की फोन उचलत नाही. पण भाऊजींनी त्याला त्यासाठी नाही काटला. त्याने फ्रेम पेनने वाजवली होती.

"पेनने? ही फ्रेम आहे की पोरीचा गाल?"

तिसऱ्याने मात्र सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. टेबलावर फडकं, त्यावर फ्रेम, हातात नाणं, सात ठिकाणी टक्, टक्, टक्. मला तरी तो आवाज लख्ख वाटला. भाऊजींनी फोन कानाशी धरला, डोळे मिटले आणि मान हलवली.

"बद्द."

चौथाही बद्द. पाचवाही बद्द. मी ताईकडे बघितलं. ताई एकाच कॉलरवरून पाचव्यांदा इस्त्री फिरवत होती. तीन देशांतल्या धडधाकट फ्रेमा या माणसाने एकापाठोपाठ एक फुटक्यांच्या ढिगात टाकल्या होत्या, आणि रोज सकाळी तो हातोडी घेऊन कारखान्यात जात होता.

"भाऊजी, फोनवर काय डोंबल कळणार?" मी म्हटलं. म्हटलं, निदान फोनवर तरी ढकलता येईल.

"मेहुणीबाई, बद्द ते बद्दच. फोनवर काय नि तोंडावर काय."

सहावा विक्रेता 'एकशब्दी'. वॉरंटी आहे का? 'आहे.' लहान माप? 'हो.' फुटली तर बदलून द्याल? 'देईन.' ना प्रिय, ना मित्र. मला हा माणूस एकदम पसंत पडला. माझा नवरा असा असता तर किती बरं झालं असतं! त्यानेही आवाज पाठवला, भाऊजींनी डोळे मिटले, आणि तोही बद्द.

सहा रविवार गेल्याने भाऊजी वैतागले होते. म्हणाले, "लिही. स्पष्ट लिही. तुमची फ्रेम बद्द वाजते. गिऱ्हाइकाला काय दूधखुळं समजलात?"

'बद्द'ला इंग्रजीत काय म्हणतात हे मला आजतागायत सापडलेलं नाही. मी 'फुटक्या मडक्यासारखी' असं लिहिलं आणि दूधखुळं गाळलं.

एकशब्द्याचं उत्तर पुढच्या रविवारी आलं, आणि ते चांगलं अकरा ओळींचं होतं. मी ते मोठ्याने वाचलं. भाऊजींसाठी सगळं मोठ्यानेच वाचावं लागायचं. त्याने लिहिलं होतं: मी बावीस वर्षं फ्रेमा वाजवतो आहे. फुटक्या मडक्यासारखी असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. तेव्हा सोबत दोन आवाज पाठवतो. एक चांगल्या फ्रेमचा आहे. दुसरी फ्रेम फळीवरून पडून आतून सुटली आहे, ती आम्ही नवीन कामगारांना शिकवायला ठेवतो. वाईट कुठली ते सांगा. ओळखलंत तर तुमची फ्रेम मी स्वतः निवडीन. नाही ओळखलंत तर कृपा करून दुसरीकडे जा. ज्याला फुटलेली फ्रेम ओळखता येत नाही त्याला डोंगरावरून उतरायची फ्रेम विकताना मला भीती वाटते.

मला वाटलं, आता भाऊजींचा पारा चढणार. पण ते तर खुशीत येऊन उठून उभेच राहिले.

"हा! हा माझा माणूस! बावीस वर्षं वाजवतोय बघ. अगं, पंखा बंद कर. खिडक्या लाव. तो फ्रिजसुद्धा काढ."

ताईने पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, फ्रिज बंद केला. भाऊजी खुर्चीत ताठ बसले. मी पहिला आवाज लावला, मग दुसरा.

"परत."

परत लावला.

"परत."

पाचव्या खेपेला त्यांनी माझे हेडफोन मागितले. मग सहावी, सातवी. त्यांचं कपाळ आक्रसत गेलं. मग ते इकडच्या कानावरचं तिकडच्या कानावर करायला लागले, जसं काही दोष हेडफोनचा होता. मग त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि चष्मा पुसायला घेतला. ऐकण्याशी चष्म्याचा काय संबंध? पण मला हसू आलं नाही. घामाने त्यांची मान ओली झाली होती.

"दोन्ही सारखेच आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं?"

तेहतीस वर्षांत त्यांनी आवाजाबद्दल कुणाला काही विचारल्याचं मला आठवत नाही. दोन आवाजांत काहीतरी फरक होता एवढं मला कळलं होतं, पण वाईट कुठला हे छातीठोक सांगता आलं नसतं. आणि सांगता आलं असतं तरी सांगितलं असतं का, देव जाणे.

"पहिला बद्द आहे," ताई म्हणाली. तिने मान वर केली नव्हती. हातातला शर्ट उलटवत ती पुढे म्हणाली, "सात ठोक्यांत चौथा आणि पाचवा. बाकीचे बरे आहेत."

भाऊजी तिच्याकडे बघतच राहिले. "तुला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? तीस वर्षं या घरातला कप न कप, बशी न बशी माझ्यासमोर वाजवलीत. मी काय बहिरी आहे?"

शब्द सुटला तो सुटलाच. ताईने इस्त्री उभी केली आणि तोंडावर हात ठेवला. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्या बंद, त्यामुळे घरात चिटपाखरूही नसल्यासारखी शांतता होती. मी लॅपटॉपच्या कीबोर्डवरची धूळ झटकायला लागले.

भाऊजींनी पुसलेला चष्मा चढवला.

"मेहुणीबाई, लिही."

"काय लिहू?"

"पहिला आवाज बद्द आहे. चौथा आणि पाचवा ठोका."

मी लिहिलं.

"पुढे लिही. हे माझ्या बायकोने ओळखलं. मला ओळखता आलं नाही." ते थांबले. "मला ऐकू येत नाही, असं लिही. तुमच्या फ्रेमला फुटकं मडकं म्हटलं, त्याबद्दल माफी मागतो. फ्रेम विकायची की नाही ते तुम्ही ठरवा."

"भाऊजी, सगळं लिहू?"

"सगळं. आणि उद्या कारखान्यातही सांगतो."

मला डोळ्यांतल्या पाण्याने अक्षरं धड दिसेनात. चार शब्दांचं ते वाक्य घरात कुणाला बोलता आलं नव्हतं, आणि ते पहिल्यांदा गेलं ते समुद्रापलीकडच्या एका अनोळखी माणसाला. मी मेल पाठवला. उत्तर यायला वेळ लागला नाही. बाईंचं बरोबर आहे, फ्रेम निवडतो, बाईंनी ऐकल्याशिवाय पाठवणार नाही, एवढंच त्यात होतं. एकशब्द्याच्या मानाने ते जवळजवळ भाषणच म्हणायचं.

मी ते वाचून दाखवलं. ताईने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि भाऊजींच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. भाऊजी टेबलाकडे बघत होते.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की! दोनदा सांगितलं," ताई म्हणाली. "पहिल्या वेळी तुम्ही म्हणालात, दूध आहे घरात. आणि दुसऱ्या वेळी उठून दिवा बंद केलात."

हे मात्र भाऊजींना पहिल्याच झटक्यात ऐकू गेलं. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग ते इतके हसले की त्यांना टेबल धरावं लागलं.