न घासलेलं झाकण

माझ्या मोठ्या जाऊ, ज्यांना मी बाई म्हणते, त्या भंडाऱ्याच्या दवाखान्यात वारल्याचा फोन आला, तेव्हा मी आंधळगावच्या घरी गंजात भात शिजवत होते. आमच्या घरात कुकर नाही. सात वर्षं झाली...

सात वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी दोन महिन्यांचा नवा कुकर शिट्टी न होताच फुटला. झाकणाने बाईंचा डावा डोळा फोडला, जबडा मोडला, आणि ते छपराचं कवेलू फोडून वर अडकलं. भिंतीवर वरण होतं, रक्त होतं आणि बाईंचे दोन दात होते. मी किंचाळत बसले. बाई दवाखान्यातून आल्या तोच कंपनीचा माणूस नवा कुकर घेऊन दारात. "जुना मोडीत द्या, हा ठेवा." बाईंनी तोच कुकर त्याच्या छातीवर हाणला. तो पायरीवरून उताणा पडला. "माहा डोळा कोणच्या दुकानात मोडीत देऊ, सांग," त्या म्हणाल्या.

ग्राहक आयोगात तक्रार केली. वकिलाने फुटका कुकर आणायला सांगितला. परक्याच्या दारी खरकटं भांडं कसं न्यायचं? मी राख लावून भांडं लखलखीत घासलं. झाकण उचललं तशी बाईंनी माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी मोरीत पडले. "कायले घासून राहिली? त्याच्यावरचं राहू दे." त्या थपडेचा राग मी वर्षभर धरला. पुढे कंपनीचा वकील म्हणाला, सेफ्टी वाल्व तुम्हीच मागाहून बदलला. पण झाकणावरच्या त्या वाल्ववर त्या दिवशीचं वरण वाळून घट्ट बसलं होतं, त्याला कुणी हात लावला नव्हता. तपासणीत वाल्व मुळातच खोटा निघाला. तेव्हा मला माझी लाज वाटली.

निकाल यायच्या आत बाई गेल्या. तक्रार मेली असं गावात लोक म्हणाले. भासऱ्यांनी, बाईंच्या नवऱ्यांनी, वारस म्हणून सही केली; तक्रार चालूच आहे. तपासणीहून घरी परत आलेल्या झाकणाची कंपनीने फेरतपासणी मागितली आहे.

बाईंच्या तेरवीच्या आधी नणंदेने घरातली सगळी भांडी अंगणात घासायला काढली. तिच्या एका हातात राख, दुसऱ्या हातात ते झाकण.

"ठेव ते खाली," मी म्हटलं.

"फुटकं भांडं घरात ठेवत नाही वहिनी, घासून भंगारात देऊन टाकतो."

मी तिचं मनगट धरून पिरगाळलं. तिच्या दोन बांगड्या फुटल्या, रक्त आलं. ती रडत तेरवी सोडून सासरी निघून गेली. अजून बोलत नाही.

झाकण बाईंच्या खाटेवरच्या खुंटीला आहे, वरणासकट.