चतुराबाईचा अळणी पाया

शिरूर अनंतपाळच्या बाजूला कुणाचं हाड मोडलं की माणूस आधी हाड बसवणाऱ्याकडं जायचा आणि तिथून थेट चतुराबाईकडं. बकऱ्याचे पाय ती निखाऱ्यावर भाजायची, सुरीनं खरवडायची, दगडानं ठेचायची आणि हळद-लसूण टाकून गोवरीच्या मंद आचेवर दिवसभर शिजवायची. रस्सा निवला की थरथरला पाहिजे, नाहीतर तिच्या लेखी ते नुसतं गढूळ पाणी. आणि आजाऱ्याचा पाया, म्हणजे हा रस्सा, अळणीच, हा तिचा कायदा. मिठानं सूज वाढते म्हणे. तिच्यापुढं वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

नवरा मात्र मिळाला तो श्रीमंत नावाचा, डोकं सदा तापलेलं. लातूर वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या एका दुष्काळात गावात बोअरची गाडी आली. जागा निघाली ती नेमकी श्रीमंत आणि त्याचा चुलतभाऊ अण्णाराव यांच्या सामाईक बांधावर. पाणी कुणाच्या हद्दीत पडणार यावरून दोघे हातघाईवर आले. श्रीमंतानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं अण्णारावाच्या नडगीवर असा तडाखा दिला की हाड कातडी फाडून बाहेर आलं.

अण्णाराव ओरडला नाही. पडल्या पडल्या म्हणाला, "ह्यो पाय जुळू दे. मग तुला जित्ता सोडत न्हाई."

बोलला ते करून दाखवणारा माणूस. चतुराबाईला हे पुरतं ठाऊक होतं, आणि तिची झोप उडाली. नवरा कसाही असला तरी तो असा कापला जावा, हे तिला सोसवत नव्हतं. त्यांच्या भावकीत एक रीत होती: ज्या घरचं मीठ पोटात गेलं, त्या घरावर हात उचलायचा नाही. बापजाद्यांपासून ती कुणी मोडली नव्हती. अण्णारावाची बायको मागंच वारलेली, घरात करून घालणारं कुणी नाही. चतुराबाईनं ठरवलं, दिराला आपल्या हातचं खाऊ घालायचं. मीठ खाणं म्हणजे घरचं अन्न खाणं, असंच ती धरून चालली.

ती रोज पाया घेऊन भिंतीपलीकडं अण्णारावाच्या घरी जाऊ लागली. श्रीमंताला कळलं तेव्हा त्यानं तिला केसांना धरून अंगणात ओढलं आणि लाथांनी तुडवलं.

"माझा मुडदा पाडायला त्याचा पाय जोडून राहिलीस व्हय?"

"तुमच्याच जिवासाठी करून राहिले," ती म्हणाली.

त्यानं उकळता रस्सा तिच्या हातावर ओतला. कातडी सोलून निघाली. तिनं दुसऱ्या हातानं नवं मडकं चुलीवर चढवलं. हट्ट म्हणावा तर एवढा कुणी करत नाही.

अण्णाराव वाटी तोंडाला लावायचा, पहिला घोट जिभेवर घोळवायचा आणि बाकीचा मुकाट संपवायचा. ना बरं म्हणायचा, ना वाईट. दीर मऊ पडत चाललाय, असं तिला वाटायचं.

ऐन उन्हाळ्यात एका सकाळी तो दोन्ही पायांवर तिच्या दारात उभा राहिला. हातात कुऱ्हाड होती. चतुराबाई उंबऱ्यात आडवी झाली.

"भावजी, माझ्या घरचं मीठ खाल्लंय तुम्ही."

"कुठलं मीठ, वहिनी? रोज चाखून बघत होतो. एक चिमूट लागली असती तर ही कुऱ्हाड घरीच ठिवली असती." त्यानं मधल्या भिंतीकडं मान हलवली. "ह्यो तुम्हाला मारायचा ते भिंतीतून ऐकू यायचं. मला वाटलं, तुम्हीच मुद्दाम मीठ न टाकता मला मोकळं ठिवून राहिल्या."

त्यानं तिला बाजूला ढकललं. ती चुलीकडं धावली, मिठाची मूठ भरली आणि आत शिरणाऱ्या अण्णारावाच्या तोंडात कोंबली. तो कडाडून चावला. तिची बोटं फाटली, मीठ रक्तात भिजलं, तरी तिनं हात काढला नाही. भिंतीशी रेटून धरला त्याला. शेवटी घास त्याच्या गळ्याखाली उतरला.

अण्णारावानं कुऱ्हाड जमिनीवर ठेवली आणि दाराकडं तोंड करून तिथंच बसला. धापा टाकत म्हणाला, "खाल्लं, वहिनी. आता पाणी द्या."

ती घागरीकडं वळली. तेवढ्यात कणगीमागं दडलेला श्रीमंत बाहेर आला. त्यानं अण्णारावाच्या घरचं कधीच काही खाल्लं नव्हतं. त्यानं ती कुऱ्हाड उचलली आणि पाठमोऱ्या भावाच्या मानेत घातली. एका घावावर तो थांबला नाही.

खटला लातूरला चालला. वकिलानं चतुराबाईला पढवून ठेवलं होतं: अण्णाराव कुऱ्हाड घेऊन घरात घुसला, एवढंच सांगायचं. ते खोटंही नव्हतं. साक्षीच्या पिंजऱ्यातून तिला श्रीमंत दिसत होता, तिच्या तोंडाकडं टक लावून बसलेला. ज्या जिवासाठी तिनं एवढा मार खाल्ला, तो आता तिच्या शब्दावर टांगला होता.

"कुऱ्हाड खाली ठिवली होती, साहेब," ती म्हणाली. "माझ्या दिराला तहान लागली होती. मी पाणी भरून राहिले होते."